घरच्या वर्कशॉपमध्ये थ्री-फेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राजकोट किंवा बटाल्याचा जुना लेथ, कोपऱ्यात वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, पाच एचपीचा कॉम्प्रेसर, कुठे लाकूड कापायची गोल करवत. कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिक, पुणे या पट्ट्यात असे घरगुती कारखाने गल्लोगल्ली दिसतात. कुणाचा तो छंद असतो, कुणाचा जोडधंदा. मशीन सेकंडहँड मिळतं, थ्री-फेज जोडणीही मिळते, आणि ओळखीचा वायरमन संध्याकाळी येऊन तीन वायरी जोडून देतो. मोटर फिरली की काम झालं असं सगळे समजतात. अडचण तिथेच आहे. अर्थिंगची वायर नसली तरी मोटर तितक्याच जोरात फिरते, आणि फ्यूजच्या जागी खिळा घातला तरीही फिरते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: बिघाड झाला, तर माणसाचा हात लागण्याआधी वीज कोण तोडणार?

थ्री-फेज म्हणजे हाय व्होल्टेज का? आणि पाटीवर ४४० का लिहिलेलं असतं?

तांत्रिक भाषेत नाही. महावितरणच्या हिशेबात हा लघुदाबच. उच्चदाब म्हणजे ११ हजार, २२ हजार, ३३ हजार व्होल्टच्या लाईनी. आपल्याकडे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० ते २४० व्होल्ट असतात, आणि दोन फेजमध्ये त्याच्या १.७३२ पट, म्हणजे ४०० ते ४१५. कवटी आणि हाडांच्या लाल पाटीवरचा ४४० हा आकडा जुन्या सवयीचा आहे, रंगाऱ्याने तो बदललेला नाही. १९५६ च्या वीज नियमांत मात्र २५० व्होल्टच्या वरचा पुरवठा ‘मध्यम दाब’ धरला होता, आणि तेव्हापासूनच २५० च्या वर धोक्याची पाटी सक्तीची आहे. थोडक्यात, ‘लघुदाब’ या शब्दातल्या लघुवर जाऊ नका.

२३० चा शॉक अनेकदा बसलाय, काही झालं नाही. ४१५ मध्ये एवढा काय फरक?

काही झालं नाही, कारण त्या वेळी पायात कोरडी चप्पल होती, किंवा बोटाचा मागचा भाग लागून हात झटक्यात सुटला. शरीराचं नुकसान व्होल्ट करत नाहीत, शरीरातून वाहणारा करंट करतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे, तो किती वेळ वाहतो यावर हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढत जाते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना शरीराचा रोध १५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर वाहतात आणि ४१५ ला २७५ च्या वर. शिवाय व्होल्टेज वाढलं की कातडीचा रोध कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो. घामाने हात ओले असतील, कटिंग ऑइल किंवा कूलंटने माखलेले असतील, तर हे आकडेही सौम्यच म्हणायचे.

पण खरा फरक वेगळा आहे. सिंगल-फेजमध्ये बहुतेक शॉक हातातून पायाकडे, जमिनीकडे जातात, आणि चप्पल, लाकडी पाट, रबरी चटई यांचा काहीतरी आधार मिळतो. थ्री-फेजच्या बॉक्समध्ये तीन जिवंत टोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. डावा हात एका फेजला आणि उजवा दुसऱ्याला लागला, की करंट सरळ छातीतून जातो आणि पायाखाली काय आहे याला काही अर्थ उरत नाही. चटई चांगली, ती असावीच (आयएस १५६५२ चा शिक्का पाहून घ्या, गाडीतलं मॅट नको), पण या प्रकारच्या शॉकमध्ये ती निरुपयोगी आहे.

आरसीसीबी बसवलाय. आता निर्धास्त ना?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. आरसीसीबी एवढंच पाहतो की आत गेलेला करंट तितकाच परत आला का. थोडा जरी जमिनीकडे गळाला तरी तो तुटतो. आता दोन फेज दोन हातांत असतील आणि माणूस चटईवर उभा असेल, तर एका फेजमधून गेलेला करंट दुसऱ्या फेजमधून पूर्ण परत येतो. आरसीसीबीच्या दृष्टीने माणूस आणि हीटर यांत फरक नाही. तो तुटणार नाही. फेज आणि न्यूट्रल असे दोन्ही धरले तरी तेच. म्हणून जिवंत बॉक्समध्ये हात घालण्याला आरसीसीबी हा परवाना नव्हे.

आणखी तीन गोष्टी. एक, आरसीसीबी ओव्हरलोडला तुटत नाही, त्यासाठी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) वेगळा हवाच. दोन, माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चा आगीपासून वाचवतो, माणसाला त्याचा भरवसा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा घातली होती. तीन, चार-पोल आरसीसीबीवर फक्त मोटर असेल आणि वायरमनने ‘मोटरला न्यूट्रल लागत नाही’ म्हणून न्यूट्रलचं टोक मोकळं ठेवलं असेल, तर अनेक मॉडेलांचं टेस्ट बटण काम करत नाही, कारण त्या बटणाची जोडणी आतून न्यूट्रलवर असते. मग बटण दाबूनही तुटत नाही म्हणून लोक आरसीसीबी खराब समजतात आणि काढूनच टाकतात. इनकमिंगला न्यूट्रल जोडा, महिन्यातून एकदा बटण दाबा.

अर्थिंग उत्तम आहे, खड्ड्यात प्लेट घातलीय. मग आरसीसीबीचा खर्च कशाला?

या एका गैरसमजापायी सर्वांत जास्त घरं धोक्यात आहेत, म्हणून जरा हिशेब करू.

समजा लेथच्या मोटरमध्ये वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला. तुमच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे (घरगुती खड्ड्यासाठी हा चांगला आकडा) आणि डीपीच्या (म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलच्या अर्थिंगचा २ ओहम. एकूण ७. करंट किती? २३० भागिले ७, म्हणजे ३३ अँपिअरच्या आसपास. लाईनवर ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आहे. तो झटक्यात तुटायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ३३ अँपिअर म्हणजे त्याच्या लेखी नेहमीचा लोड. तो तासभरही तुटणार नाही. आणि तेवढा वेळ लेथच्या बॉडीवर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट उभे आहेत. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही धडधाकट आहेत, आणि लेथ हात लावायच्या लायकीचा नाही.

तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता, तर अर्थिंगचा रोध १०० ओहम असतानाही २ अँपिअरच्या वर गळती झाली असती आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटला असता. उलट, नुसता आरसीसीबी असेल आणि अर्थिंग नसेल, तर गळतीला वाटच नाही. ती वाट तुम्ही हात लावाल तेव्हा तयार होते, आणि तुटण्यापूर्वीचा झटका तुम्हालाच बसतो. दोन्ही हवेत. यातलं एकच परवडत असेल तर मशीन घेणं पुढे ढकला.

२५० व्होल्टच्या वरच्या मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ-जोडण्या द्याव्यात असाही नियम आहे. एक वायर कंपनाने सैल झाली तर दुसरी शिल्लक राहते. लेथ आणि करवतीच्या बाबतीत ही अगदी व्यवहारी गोष्ट आहे.

मोटरला थ्री-कोअर केबल चालेल का? तीनच तर फेज आहेत.

नाही. फोर-कोअर घ्या. चौथी अर्थची. दुकानात थ्री-कोअर सहज मिळते आणि स्वस्त पडते, म्हणून ती वापरली जाते आणि अर्थसाठी वेगळी तार ‘नंतर’ टाकायची राहते. ती राहूनच जाते.

न्यूट्रललाच अर्थ म्हणून मशीनच्या बॉडीला जोडलं तर? शेवटी न्यूट्रलही डीपीवर जमिनीतच जातो ना?

जातो, पण मधल्या वायरीचा भरवसा काय? खांबावरचा एक सांधा सुटला तर तुमचा न्यूट्रल अधांतरी राहतो, आणि घरातल्या प्रत्येक चालू दिव्या-पंख्यातून फेज त्याच्यावर येऊन बसतो. म्हणजे लेथची बॉडी जिवंत होते, तीही मोटर बंद असताना. असं कधीही करू नका, आणि कुणी करून ठेवलं असेल तर आजच काढा.

आमच्याकडे फूटभर खाली काळा कातळ लागतो. अर्थिंग करायचं कसं?

दख्खनच्या बेसाल्टमध्ये आणि कोकण-गोव्याच्या जांभ्यात हा प्रश्न खराच आहे. दोन्हींतून वीज सहज जात नाही. काळ्या मातीच्या रानात पावसाळ्यात सुंदर आकडा येतो, पण एप्रिल-मे मध्ये माती भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. तोच खड्डा तेव्हा कितीतरी पट जास्त रोध दाखवतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा. जुलैत काढलेल्या रिपोर्टावर विसंबू नका.

उपाय: एका खोल खड्ड्याच्या हट्टाऐवजी दोन-तीन पाइप एकमेकांपासून पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर आणि ओलावा टिकेल तिथे घाला, जसं सांडपाण्याच्या बाजूला किंवा झाडांच्या आळ्याजवळ, आणि तांब्याच्या किंवा जीआयच्या पट्टीने जोडा. खड्ड्यात बाहेरून आणलेली माती आणि बेंटोनाइट भरा. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मिठाने पाइप लवकर गंजतो. काही वर्षांनी वर पट्टी चकचकीत आणि खाली पाइप गायब, असं होतं. रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो. २०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून ‘बघा, फुल पेटतोय’ ही चाचणी नव्हे. ४० ओहमच्या अर्थिंगवरही तो बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो.

थ्री-फेज घेतल्यापासून घरातले बल्ब, फ्रिज, टीव्ही जळाले. वर्कशॉपमुळे झालं का?

वर्कशॉपमुळे नव्हे, न्यूट्रलमुळे. घर आणि शेड एकाच थ्री-फेज मीटरवर असेल तर घरातल्या वस्तू तीन फेजवर वाटलेल्या असतात आणि सगळ्यांचा परतीचा रस्ता एकच: न्यूट्रल. तो तुटला की दोन फेजवरची उपकरणं एकामागे एक अशी ४१५ व्होल्टमध्ये अडकतात. एका फेजवर दोन हजार वॉटचा गीझर आणि दुसऱ्यावर टीव्ही असेल, तर जवळजवळ सगळं व्होल्टेज टीव्हीवर पडतं. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मिणमिणते दिसले, की काहीही तपासत न बसता मेन बंद करा आणि १९१२ ला फोन लावा.

हे टाळायला न्यूट्रलमध्ये कधीही फ्यूज किंवा सुटा एक-पोल एमसीबी नको. किटकॅटच्या (चिनी मातीच्या फ्यूजच्या) जुन्या बोर्डांत चार किटकॅट ओळीने लावलेले दिसतात, त्यातला चौथा न्यूट्रलचा. तो बोर्ड बदला. ओव्हर-व्होल्टेजला तोडणारा रिले मिळतो, थ्री-फेज घरात तो असावाच.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही. धक्का दिला की चालू होते.

एक फेज गेला आहे. धक्का देऊ नका, बंद करा. बहुतेक वेळा डीपीवरचा डीओ (ड्रॉपआउट फ्यूज) उडालेला असतो, नाहीतर तुमच्याच बोर्डातला एक किटकॅट गेलेला असतो. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट करंट ओढते आणि वाइंडिंग भाजून निघतं. भाजलेलं इन्सुलेशन म्हणजे बॉडीला करंट, म्हणजे पुन्हा वरचा लेथचा हिशेब. रिवाइंडिंगच्या दुकानात येणाऱ्या मोटरींपैकी कितीतरी याच कारणाने आलेल्या असतात, कुणालाही विचारा.

सिंगल-फेज प्रिव्हेंटर मोटरच्या मानाने किरकोळ पैशांत मिळतो. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा (अंदाजाला एक एचपीला दीड अँपिअर, पाच एचपीला साडेसात). ट्रिप होतो म्हणून त्याची चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली असते. तसं असेल तर तो असून नसल्यासारखा. आणि तीन सुट्या एमसीबींऐवजी एकत्र तुटणारा ट्रिपल-पोलच घ्या, म्हणजे दोष एका फेजवर असला तरी तिन्ही सुटतात.

लाईट गेली आणि आली की मशीन आपोआप सुरू व्हायला हवं. शेतातल्या पंपाला बसवतो तसा ऑटो स्विच लावू का?

पंपाला लावा. विहिरीत कुणी हात घालत नाही. लेथला, करवतीला, प्रेसला कधीही नाही. लाईट गेली की माणूस हमखास मशीनमध्ये हात घालतो: अडकलेला तुकडा काढतो, टूल बदलतो, लेथच्या चकला (जॉब पकडणाऱ्या जबड्याला) चावी लावतो आणि तशीच ठेवून चहाला जातो. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल याचसाठी असते. वीज गेली की ती सोडते, आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. त्या हिरव्या बटणात आगपेटीची काडी किंवा दोरा अडकवून ठेवायची युक्ती पंपाच्या खोल्यांतून वर्कशॉपमध्ये आली आहे. ती दिसली की काढा, मग ज्याने घातली त्याच्याशी बोला.

डीपी दुरुस्त झाल्यावर मशीन उलटं फिरायला लागलं.

लाईनमनने जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली. तुमच्या बाजूला मेन बंद करून कोणतेही दोन फेज बदलले की सरळ होतं. पण आधी कळायला हवं. आट्यांवर (थ्रेडवर) बसवलेल्या चकला उलट्या झटक्यात स्पिंडलवरून सुटायची सवय असते, गोल करवतीचा नट ढिला पडतो. पुरवठ्याचं काम झाल्याचं कळलं की पहिल्यांदा मोटर रिकामी, क्षणभर चालू करून दिशा पाहा. फेज-सिक्वेन्स रिले लावला तर तेवढंही करावं लागत नाही.

स्टार्टरचं लाल बटण दाबलं. आता मोटर उघडू का?

नाही. लाल बटणाने मोटर थांबते, स्टार्टरच्या वरच्या टोकांवर तिन्ही फेज तसेच उभे असतात. आपल्याकडच्या बहुतेक डीओएल (मोटर थेट लाईनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, म्हणजे बटणाच्या त्या दोन बारीक वायरींमध्येही ४१५ असतात. दूरवर नेलेलं स्टॉप बटण, पायाचा स्विच, कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच, सगळीकडे तेच. लोक ती ‘कंट्रोलची वायर’ म्हणून साध्या टेपने गुंडाळतात. पायाच्या स्विचसाठी तरी २४ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि त्या व्होल्टेजची कॉइल घ्या. लेथवरचा दिवाही २४ व्होल्टचाच हवा.

उघडायची रीत अशी. मेन आयसोलेटर खाली करा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. ‘कुणी चालू करू नका रे’ असं ओरडून सांगणं म्हणजे कुलूप नव्हे, घरात मुलं असतात. मग मीटर आधी माहीत असलेल्या जिवंत लाईनवर लावून तो चालतो याची खात्री करा. त्यानंतर मोटरच्या टोकांवर तपासा: तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थशी. शेवटी मीटर पुन्हा जिवंत लाईनवर. हे शेवटचं पाऊल सगळे गाळतात. मीटर मधेच बंद पडला असेल तर ते फक्त इथेच कळतं.

पॉवर-फॅक्टरसाठी कपॅसिटर बसवला असेल तर मेन बंद झाल्यावरही त्यात वीज साठलेली असते. व्हीएफडीमध्ये (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमध्ये) आणखी वाईट: ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या पोटात सुमारे ५८७ व्होल्ट डीसी असतात. बाहेरच्या लेबलवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढं थांबा आणि मग मोजा.

टेस्टरने पाहिलं तर चालत नाही का?

वीज आहे हे सांगायला चालतो. वीज नाही हे सांगायला नाही. टेस्टरमधला निऑन तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या चिमूटभर करंटवर पेटतो. तुम्ही चटईवर, लाकडी शिडीवर असाल किंवा भर उन्हात असाल तर तो दिसतच नाही. चाळीस रुपयांच्या वस्तूवर जीव टांगू नका. कॅट-३, ६०० व्होल्ट असं छापलेला मल्टिमीटर घ्या.

युरोपातून आलेलं जुनं मशीन घेतलंय. वायरींचे रंग वेगळे आहेत.

इथे थांबा आणि नीट वाचा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. वायरमन ‘आर-वाय-बी’ म्हणतात ते हेच. युरोपात तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला फेज तो त्यांचा न्यूट्रल, आणि त्यांचा फेज तो आपला न्यूट्रल. रंगाला रंग जोडणारा वायरमन २३० व्होल्टच्या कंट्रोल सर्किटवर ४१५ टाकतो, किंवा फेज न्यूट्रलच्या पट्टीला लावतो. रंग विसरा. मशीनच्या टर्मिनलवरची अक्षरं पाहा (एल१, एल२, एल३, एन), पाटीवरचं व्होल्टेज पाहा. अमेरिकेतलं मशीन असेल तर ते बहुधा ६० हर्ट्झचं आणि वेगळ्या व्होल्टेजचं असतं. ते जाणकाराकडून तपासल्याशिवाय जोडूच नका. फक्त हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची वायर सगळीकडे अर्थिंगचीच.

वेल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरचं काय?

वर्कशॉपमधला जुना तेलाचा किंवा हवेचा ट्रान्सफॉर्मर बहुतेक दोन फेजवर, ४१५ वर चालतो. इलेक्ट्रोडच्या बाजूला ८० व्होल्टच्या आसपास असतात, तेही घामाने भिजलेल्या हातमोज्यातून त्रास देतात. पण जीव जातो तो बहुतेक आत येणाऱ्या केबलमुळे: ती जमिनीवर लोळते, ठिणग्यांनी सोलते, पत्र्याच्या कडेवर घासते. वेल्डिंगचा ‘अर्थ’ क्लॅम्प थेट जॉबवर, वेल्डच्या जवळ लावा. शेडच्या खांबाला लावलात तर वेल्डिंगचा करंट दुसऱ्या मशीनच्या अर्थ-वायरीतून फिरतो आणि ती जाळून टाकतो. पुढच्या बिघाडात त्या मशीनला अर्थिंग नसतं आणि ते कुणाला माहीतही नसतं.

थ्री-फेज जोडणी परवडत नाही. सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालेल?

तीन एचपीपर्यंत व्हीएफडीने उत्तम चालते, आणि माझ्या मते घरासाठी हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे: वेग बदलतो, सुरुवातीचा झटका नाही, लाईट आल्यावर आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये बंद करता येतं. एक अडचण: ड्राइव्हमधून २३० व्होल्टच निघतात, आणि आपल्याकडच्या तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ ला स्टारमध्ये बांधलेल्या असतात. सहा टोकं बाहेर असतील तर त्या डेल्टात बदलाव्या लागतात. तीनच असतील तर रिवाइंडरकडे न्या. साधा एसी प्रकारचा आरसीसीबी व्हीएफडीच्या गळतीत आंधळा होऊ शकतो. ड्राइव्हच्या पुस्तिकेत सांगितलेला ए किंवा बी प्रकार घ्या. कपॅसिटर लावून ‘दोन फेजवर तीन’ करायचे गावठी जुगाड मोटर अनेकदा जाळतात.

एमसीबी वारंवार पडतो. मोठा टाकू?

आधी वायर किती जाडीची आहे ते पाहा. एमसीबी वायरीचं रक्षण करतो, मशीनचं नव्हे. मोटर चालू होताना सहापट करंट ओढते म्हणून पडत असेल तर त्याच अँपिअरचा डी-कर्व्ह घ्या. चालता चालता पडत असेल तर दोष शोधा. बॉक्स बंद ठेवा, भोकं बुजवा. दोन फेजमध्ये आडवी पडलेली पाल हे आपल्याकडचं शॉर्टसर्किटचं अगदी खरं कारण आहे.

जनरेटर आहे. वर्कशॉपच्या सॉकेटमधून उलटा पुरवठा दिला तर घरही चालेल?

दोन्ही टोकांना पिन असलेली केबल बनवू नका. तुमचा पुरवठा मीटरमधून मागे डीपीत जातो, तिथे त्याचे अकरा हजार होतात, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस जातो. चार-पोल चेंजओव्हर स्विच बसवा. दुसरा मार्ग नाही.

घरगुती मीटरवर वर्कशॉप चालवणं कायदेशीर आहे का?

स्वतःच्या छंदासाठी, मंजूर लोडच्या आत असेल तर सहसा प्रश्न येत नाही. लोकांची कामं पैसे घेऊन करत असाल तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी जड असते. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्या. सही विकत मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सही करणाऱ्याला शेडमध्ये आणून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि अर्थ टेस्टर तुमच्यासमोर लावायला सांगा. पैसे त्याचेच दिलेत.

पावसाळ्यात पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात.

मुंग्या म्हणजे गळती सुरू झाली आहे. मेन बंद करा, मशीन एकेक सुटं करून मेगर लावून घ्या. पत्र्याच्या शेडचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला हवा, आणि शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असेल तर ती आज सोडा. शेडमध्ये न जाणारी माणसंही त्या तारेला हात लावतात.

कुणाला शॉक बसून चिकटला तर?

त्याला हात लावू नका. मेन कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि तो शेडच्या दाराशी, आत न जाता हात पोहोचेल असा हवा. मेन बंद होत नसेल तरच कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकला. हे फक्त घरातल्या व्होल्टेजला चालतं, अकरा हजारच्या तारेजवळ जाऊच नका. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० दाब द्या, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देणं थांबवू नका. मातीत किंवा वाळूत पुरून ‘करंट उतरवण्याचा’ प्रकार अजून होतो, त्यात जातात ती जीव वाचवायची पहिली मिनिटं.

उठून बसला, ‘बरा आहे’ म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा. हातावर छोटासा काळा डाग दिसतो, पण आत स्नायू जळालेले असू शकतात. लघवी गडद, चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे, मोठ्या रुग्णालयात हलवा. डॉक्टरांना नेमकं सांगा: दोन फेजमध्ये सापडला की एका, आणि किती वेळ. वर्कशॉप तसंच बंद ठेवा. विजेच्या अपघाताची खबर वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडे जाते, आणि तो येऊन पाहीपर्यंत जळकी वायर बदलायची नसते.